अमेरिकेतलं प्रेस फ्रीडम आणि राजकीय छळ : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत एखाद्या चॅनेलवर केस झाली किंवा एखाद्या पत्रकाराच्या घरी पोलीस आले की ओळखीतले लोक मला तेच तेच प्रश्न विचारतात, काहींची मुलं तिकडे शिकतायत म्हणून विचारतात आणि काहींना खरंच उत्सुकता असते. म्हणून सगळी उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे जिथे माझं मत आहे तिथे ते स्पष्ट लिहिलंय.

अमेरिकेत तर हे स्वातंत्र्य घटनेतच दिलंय ना? मग प्रॉब्लेम कुठे येतो?

हो, घटनेतच आहे. १७९१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि तिथल्या संसदेने म्हणजे काँग्रेसने भाषणाच्या आणि छापण्याच्या स्वातंत्र्यावर गदा आणणारा कायदा करायचाच नाही असं त्यात सरळ लिहिलंय. आपल्याकडे वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य वेगळं लिहिलेलं नाही, ते कलम १९(१)(अ) मधून येतं आणि लगेच खाली १९(२) ची बंधनं लागतात. त्या मानाने त्यांचं कलम खूपच मजबूत आहे.

पण हे कलम बांधून ठेवतं फक्त सरकारला. चॅनेलच्या मालकाला नाही, जाहिरातदाराला नाही, आणि सरकारकडून मर्जर मंजूर करून घ्यायचं असलेल्या कंपनीच्या बोर्डाला तर अजिबात नाही. दुसरं म्हणजे कोर्टात जाऊन हे संरक्षण मागावं लागतं, त्याला वर्षं लागतात, वकिलांची फी प्रचंड असते. माझं मत विचाराल तर अमेरिकेत पेपरवर बंदी घालायची जवळजवळ कधीच गरज पडत नाही, लायसन्स, दंड, व्हिसा, प्रवेशपत्र आणि नोकरी या पाच ठिकाणी दाब दिला की काम होतं. बहुतेक वेळा कोर्ट बोलायच्या आधीच मालक वाकलेला असतो. खाली जी उदाहरणं दिलीत त्यात हे पुन्हा पुन्हा दिसेल.

हे सगळं ट्रम्प आल्यावरच सुरू झालं का?

नाही, आणि असं मानणं फार चुकीचं आहे. पहिली घटनादुरुस्ती होऊन सात वर्षं झाली नाहीत तोच १७९८ मध्ये जॉन अ‍ॅडम्सच्या काळात राजद्रोहाचा सेडिशन अ‍ॅक्ट आला. राष्ट्राध्यक्ष, काँग्रेस, सरकार यांच्यावर खोटं आणि बदनामीकारक लिहिलं तर दंड आणि तुरुंग. उपाध्यक्षाला मात्र त्या यादीत संरक्षण नव्हतं, कारण तेव्हाचे उपाध्यक्ष जेफरसन विरोधी पक्षाचे होते. एवढ्या एका गोष्टीवरून कायदा कशासाठी केला होता ते कळतं. व्हरमाँटचा काँग्रेसमन मॅथ्यू लायन या कायद्याखाली आत गेला, चार महिने कैद आणि १,००० डॉलर दंड. हिवाळ्यात थंडगार कोठडीत ठेवलेल्या या माणसाला मतदारांनी तुरुंगातूनच परत निवडून दिलं. १८०१ मध्ये कायद्याची मुदत संपली आणि जेफरसनने शिक्षा झालेल्यांना माफी दिली.

मग पहिलं महायुद्ध. १९१७ चा हेरगिरीविरोधी एस्पिओनाज अ‍ॅक्ट आणि १९१८ ची त्याला जोडलेली कडक दुरुस्ती. समाजवादी नेता यूजीन डेब्जने जून १९१८ मध्ये ओहायोतल्या कँटन गावात युद्धाविरुद्ध एक भाषण केलं, फक्त भाषण, आणि त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. सुप्रीम कोर्टाने ती एकमताने कायम केली. १९२० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्याने अटलांटाच्या तुरुंगातून लढवली आणि ९ लाखांच्या वर मतं घेतली. १९२१ च्या ख्रिसमसला राष्ट्राध्यक्ष हार्डिंगने त्याला सोडलं. युद्धाच्याच वर्षांत पोस्टखात्याने कितीतरी समाजवादी आणि युद्धविरोधी मासिकं टपालाने पाठवायलाच मनाई केली, म्हणजे मासिक छापलं तरी वर्गणीदारापर्यंत पोचायचं नाही.

आपला एक खरा धागा इथे आहे. सॅन फ्रान्सिस्कोमधून १९१३ पासून भारतीय क्रांतिकारकांचा 'गदर' पेपर निघायचा, आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्या चळवळीतले. १९१७-१८ मध्ये गदरवाल्यांवर सॅन फ्रान्सिस्कोत मोठा खटला चालला. आरोप लिखाणाचा नव्हता, अमेरिकेच्या तटस्थतेचा कायदा मोडल्याचा होता, पण त्यामागे ब्रिटिश हेरखात्याची वर्षानुवर्षांची मेहनत होती. दुसऱ्या देशाच्या सरकारला नकोशी झालेली माणसं अमेरिकेच्या कोर्टात उभी राहतात हे तेव्हाही झालेलं आहे.

मॅकार्थी, मॅकार्थी म्हणतात ते नेमकं काय होतं?

जोसेफ मॅकार्थी, विस्कॉन्सिनचा सिनेटर. फेब्रुवारी १९५० मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग गावात भाषण करताना त्याने परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांची यादी आपल्या हातात आहे असं सांगितलं. आकडा नंतर बदलत राहिला, पुरावा कधीच आला नाही. पण पेपरांनी त्याचं म्हणणं जसंच्या तसं छापलं, सिनेटर बोललाय म्हणजे बातमी, एवढाच विचार करून, आणि एकदा हेडलाइन झाली की ज्याच्यावर आरोप झालाय त्याचा खुलासा तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर.

आणि हे एकट्या मॅकार्थीचं काम नव्हतं. त्याच्याआधी १९४७ पासूनच काँग्रेसची एक समिती हॉलिवूडच्या लेखकांना बोलावून तुम्ही कम्युनिस्ट पार्टीत आहात का किंवा होतात का असं विचारत होती. उत्तर द्यायला नकार देणारे दहा जण तुरुंगात गेले, पण त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांची फक्त कामं गेली. सरकारने त्यांना शिक्षा केली नाही, स्टुडिओंनी काम देणं बंद केलं. १९५५ मध्ये सिनेटच्या एका उपसमितीने पत्रकारांना बोलावलं तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने आपल्याच काही कर्मचाऱ्यांना काढून टाकलं, कारण त्यांनी साक्ष देताना पाचव्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा आधार घेतला. इतका मोठा पेपर, आणि त्याने हे केलं. मला हा प्रसंग मॅकार्थीच्या भाषणांपेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

९ मार्च १९५४ ला सीबीएस चॅनेलवर पत्रकार एडवर्ड मरोने मॅकार्थीच्याच क्लिप्स दाखवून कार्यक्रम केला, जूनमध्ये मॅकार्थी आणि लष्कर यांच्या वादाच्या सुनावणीत लष्कराचे वकील जोसेफ वेल्च यांनी टीव्हीसमोर त्याला तुमच्यात काही सभ्यता उरलीय की नाही असं विचारलं, आणि डिसेंबरमध्ये सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्याचा निषेध केला. सगळे मरोचं नाव घेतात आणि घ्यावंच, पण तो कार्यक्रम येईपर्यंत चार वर्षं गेली होती.

पेपरवर बदनामीचा दावा लावून पेपर बंद पाडता येतो का तिकडे?

पूर्वी सहज पाडता आला असता. १९६० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मदतीसाठी एक पानभर जाहिरात आली. त्यात बारीकसारीक चुका होत्या, किंगना सात वेळा अटक झाली असं लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात चार वेळा झाली होती, विद्यार्थ्यांनी कुठलं गाणं म्हटलं तेही चुकलं होतं. अलाबामातल्या माँटगमरी शहराचा कमिशनर सलिव्हन, ज्याचं त्या जाहिरातीत नावही नव्हतं, त्याने दावा ठोकला आणि तिथल्या ज्युरीने त्याला ५ लाख डॉलर मंजूर केले. असे आणखी दावे रांगेत होते. सगळा हेतू हा की उत्तरेकडच्या पेपरांनी दक्षिणेत बातमीदार पाठवणंच बंद करावं.

१९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल एकमताने फिरवला. सार्वजनिक अधिकाऱ्याला जिंकायचं असेल तर पेपरला खोटं आहे हे माहीत होतं, किंवा खरं-खोटं बघायची त्याने फिकीरच केली नाही, हे सिद्ध करावं लागतं. नुसती चूक पुरत नाही. आज अमेरिकेत सत्तेतल्या माणसाबद्दल धाडसाने लिहिता येतं त्याचं सगळ्यात मोठं कारण हा निकाल आहे. जस्टिस थॉमस आणि गोर्सच यांनी त्याचा फेरविचार व्हावा असं लिहिलंय, त्यामुळे तो कायमचा राहील असं गृहीत धरू नका.

गुप्त कागदपत्रं छापली तर?

छापणाऱ्याला बऱ्यापैकी संरक्षण आहे, कागद देणाऱ्याला जवळपास काहीच नाही. हा फरक नीट समजून घ्या कारण बातम्यांमध्ये तो नेहमी गुळमुळीत होतो.

१३ जून १९७१ ला न्यूयॉर्क टाइम्सने व्हिएतनाम युद्धाबद्दलचे पेंटॅगॉन पेपर्स, म्हणजे संरक्षण खात्याचे गुप्त कागद, छापायला सुरुवात केली. निक्सन सरकारने कोर्टातून छपाई थांबवली, वॉशिंग्टन पोस्टने पुढचे भाग छापले, तेही थांबवले, आणि ३० जूनला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने पेपरांच्या बाजूने निकाल दिला. सतरा दिवसांत खेळ संपला. पण ज्याने कागद दिले त्या डॅनिएल एल्सबर्गवर मात्र खटला चालला, सगळी कलमं मिळून ११५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकली असती. तो सुटला ते सरकारच्याच माणसांनी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या ऑफिसात घरफोडी केल्याचं बाहेर आलं म्हणून, १९७३ मध्ये न्यायाधीशाने केस निकालात काढली.

एल्सबर्गवर लावलेला एस्पिओनाज अ‍ॅक्ट म्हणजे डेब्जला आत टाकणारा तोच १९१७ चा कायदा. त्यात 'मी हे लोकहितासाठी केलं' हा बचाव चालत नाही. ओबामांच्या काळात पत्रकारांना माहिती देणाऱ्यांवर या कायद्याखाली आधीच्या सगळ्या सरकारांपेक्षा जास्त केसेस झाल्या, ही गोष्ट डेमोक्रॅट समर्थक विसरतात. विकिलीक्सला लष्करी कागद देणाऱ्या चेल्सी मॅनिंगला ३५ वर्षांची शिक्षा झाली, ती जाता जाता ओबामांनीच २०१७ मध्ये कमी केली. २०१३ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या २० फोन लाइन्सचे रेकॉर्ड न्याय खात्याने गुपचूप मिळवल्याचं उघड झालं. विकिलीक्सचा संस्थापक ज्युलियन असांजवर ट्रम्पच्या पहिल्या कारकीर्दीत केस लागली, बायडनने ती पुढे चालवली, आणि जून २०२४ मध्ये सायपान बेटावरच्या अमेरिकन कोर्टात त्याने गुन्हा कबूल करून प्रकरण संपलं. तो सुटला याचा आनंद आहे, पण कागद मिळवणं आणि छापणं याबद्दल एकाची गुन्ह्याची कबुली आता रेकॉर्डवर आहे.

पत्रकाराने सोर्सचं नाव सांगितलं नाही तर जेल होते का?

होऊ शकते. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की ग्रँड ज्युरीसमोर (खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांसमोर) सोर्स लपवायचा घटनात्मक हक्क पत्रकाराला नाही. २००५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सची ज्युडिथ मिलर ८५ दिवस आत होती. बहुतेक राज्यांत संरक्षण देणारे कायदे आहेत, पण फेडरल पातळीवर नाही. जानेवारी २०२४ मध्ये प्रेस अ‍ॅक्ट नावाचं बिल काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात म्हणजे हाउसमध्ये पास झालं आणि सिनेटमध्ये अडकून मेलं. बायडनच्या काळात न्याय खात्याने पत्रकारांचे रेकॉर्ड मागवायचे नाहीत असा नियम केला होता, एप्रिल २०२५ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल पॅम बाँडी यांनी तो काढून टाकला. नियम होता म्हणून एका सहीत गेला, कायदा असता तर गेला नसता.

मोठ्या पेपरांचं ठीक आहे, छोट्या गावातल्या पेपरचं काय?

इथे मी थोडं सविस्तर लिहितो, कारण मला वाटतं खरी परीक्षा तिथे होते.

कॅन्ससमधलं मॅरियन, साधारण १,९०० वस्तीचं गाव. तिथे 'मॅरियन काउंटी रेकॉर्ड' नावाचं साप्ताहिक आहे. संपादक एरिक मायर, पूर्वी पत्रकारितेचे प्राध्यापक, आणि त्यांची ९८ वर्षांची आई जोन मायर सहमालक. पेपरकडे गावातल्या एका हॉटेलवालीच्या ड्रायव्हिंग रेकॉर्डबद्दल टिप आली. बातमीदाराने राज्य सरकारच्या वेबसाइटवर ती खरी आहे का ते तपासलं, आणि संपादकाने बातमी छापायची नाही असं ठरवलं. हेच पेपरवाले नव्या पोलिसप्रमुखाच्या आधीच्या नोकरीबद्दलही चौकशी करत होते.

११ ऑगस्ट २०२३ ला पोलीस वॉरंट घेऊन ऑफिसात शिरले, कॉम्प्युटर, फोन सगळं उचललं, आणि मायर यांच्या घरीही गेले. घरातल्या कॅमेऱ्याचं फुटेज नंतर सगळीकडे दिसलं, त्यात या आजी वॉकर धरून पोलिसांना माझ्या घरातून चालते व्हा म्हणून ओरडतायत. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. मुलाचं म्हणणं, हा धक्का त्यांना सहन झाला नाही. काही दिवसांत काउंटी वकिलानेच पुरेसा पुरावा नाही म्हणून वॉरंट मागे घेतलं. कॉम्प्युटर नसताना, रात्रभर जागून, त्या लोकांनी पुढचा अंक वेळेवर काढला, आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापलं, जप्त केलंय पण आवाज बंद झालेला नाही.

पोलिसप्रमुखाने राजीनामा दिला, वर्षभराने त्याच्यावरच तपासात ढवळाढवळ केल्याचा गुन्हा लागला. विशेष सरकारी वकिलांनी पेपरने काहीही बेकायदा केलेलं नाही असं लिहून दिलं. २०२५ च्या शेवटी काउंटीने ३० लाख डॉलरहून जास्त रक्कम द्यायचं कबूल केलं आणि खेदही व्यक्त केला. लक्षात घ्या, १९८० पासून फेडरल कायदा आहे की पत्रकारांचं साहित्य वॉरंटने उचलायचं नाही, अगदी मोजके अपवाद सोडून. तरीही मॅजिस्ट्रेटने सही केली. मायरना कोर्ट कसं चालतं हे माहीत होतं, देशभरातून मदत आली, हजारो नवे वर्गणीदार मिळाले. ज्या गावातल्या पेपरकडे हे नसेल त्याचं काय? आणि २००५ पासून अमेरिकेतले एक तृतीयांशाहून जास्त पेपर बंदच पडलेत, तिथे धाड टाकायलाही काही उरलेलं नाही.

मग मोठ्या चॅनेलांनी ट्रम्पला पैसे का दिले?

डिसेंबर २०२४ मध्ये एबीसीने १.५ कोटी डॉलर कबूल केले, ट्रम्पवरच्या एका दिवाणी दाव्याच्या निकालाबद्दल बोलताना अँकरने बलात्कार हा शब्द वापरला होता आणि ज्युरीने लैंगिक अत्याचार असं म्हटलं होतं, तो दावा निदान वादाचा तरी होता. जुलै २०२५ मधला सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंटचा प्रकार वेगळा. सीबीएसच्या '६० मिनिट्स'ने कमला हॅरिसची मुलाखत एडिट केली म्हणून ट्रम्पने दावा लावला होता, मुलाखत एडिट करणं हे प्रत्येक न्यूजरूमचं रोजचं काम आहे आणि हा दावा टिकणार नाही असं कायद्याचे बहुतेक जाणकार म्हणत होते. तरी कंपनीने १.६ कोटी डॉलर दिले. त्याच वेळी पॅरामाउंटला स्कायडान्सशी ८०० कोटी डॉलरचं मर्जर करायचं होतं, त्याला एफसीसीची, म्हणजे टीव्ही-रेडिओवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची मंजुरी हवी होती, आणि पैसे द्यायचं ठरल्यावर महिन्याच्या आत ती मिळाली. कंपनी म्हणते दोन्हीचा संबंध नाही. माझा यावर विश्वास नाही.

एबीसीवर रात्रीचा विनोदी कार्यक्रम करणाऱ्या जिमी किमेलचं तसंच. १७ सप्टेंबर २०२५ ला एफसीसीचे प्रमुख ब्रेंडन कार यांनी किमेलच्या एका वक्तव्यावरून एका पॉडकास्टवर उघड धमकी दिली, काही तासांत नेक्स्टार कंपनीने आपल्या स्टेशनांवरून कार्यक्रम काढला आणि एबीसीने तो थांबवला. नेक्स्टारला टेग्ना ही कंपनी विकत घ्यायची होती, परवानगी एफसीसीची. लोकांनी एवढा गोंधळ केला की २३ तारखेला कार्यक्रम परत आला, आणि टेड क्रूझसारख्या कट्टर रिपब्लिकन सिनेटरनेही कारवर टीका केली.

उलट बाजूही बघा. ट्रम्पने 'गल्फ ऑफ अमेरिका' असं नाव दिल्यावरही असोसिएटेड प्रेसने 'गल्फ ऑफ मेक्सिको' हे नाव सोडायला नकार दिला म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांना व्हाइट हाउसच्या छोट्या पत्रकार गटातून काढलं, तर ते कोर्टात गेले, खालच्या कोर्टात जिंकले, अपील कोर्टाने तो आदेश बऱ्याच अंशी स्थगित केला, तरी नाव बदललं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये पेंटॅगॉनने नव्या अटींवर सह्या मागितल्या तेव्हा फॉक्स न्यूजसकट जवळपास सगळ्यांनी नकार दिला आणि पत्रकार आपली ओळखपत्रं टेबलावर ठेवून बाहेर पडले. सगळे एकत्र उभे राहिले म्हणून एकट्या कुणाला टिपता आलं नाही.

ट्रम्पवरच्या केसेस राजकीय छळ होता, आणि एफबीआयचे माजी प्रमुख कोमी यांच्यावरची केस न्याय, की उलट?

दोन्ही बाजूंना आपलीच बाजू छळली गेली असं वाटतं, आणि काही तक्रारींत तथ्य आहे. २०१३ मध्ये आयकर खात्याने 'टी पार्टी' नावाच्या उजव्या विचारांच्या संस्थांना वेगळी चाळणी लावल्याबद्दल माफी मागितली. २०२० मध्ये जो बायडन यांचा मुलगा हंटर बायडनच्या लॅपटॉपच्या बातमीची लिंक ट्विटरने निवडणुकीच्या तोंडावर ब्लॉक केली, ती चूक होती. न्यूयॉर्कच्या ज्या केसमध्ये ट्रम्पला मे २०२४ मध्ये ३४ कलमांवर दोषी ठरवलं तिची कायदेशीर मांडणी ताणलेली आहे असं काही उदारमतवादी वकीलही म्हणाले होते.

पण मी एकच बघतो, केस सुरू कशी झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्पने अ‍ॅटर्नी जनरलला उद्देशून जाहीर पोस्ट टाकली, कोमी, डेमोक्रॅट सिनेटर शिफ आणि न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी वकील लेटिशिया जेम्स यांची नावं घेऊन, यांच्यावर कारवाई करा म्हणत. त्याच सुमारास व्हर्जिनियातल्या सरकारी वकिलाला पदावरून जावं लागलं, आणि जागी आल्या लिंडसी हॅलिगन, ज्यांनी त्याआधी एकही फौजदारी केस चालवलेली नव्हती. पाच दिवसांत कोमी यांच्यावर आरोप ठेवले गेले, पुढे जेम्स यांच्यावरही. नोव्हेंबरमध्ये न्यायाधीशाने हॅलिगन यांची नेमणूकच बेकायदा ठरवून कोमी आणि जेम्स दोघांच्या केसेस काढून टाकल्या. आधी माणूस ठरवला आणि मग गुन्हा शोधला, याला मी छळ म्हणतो, मग तो कुठल्याही पक्षाने केलेला असो.

रँकिंगमध्ये अमेरिका कितवी?

रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेच्या प्रेस फ्रीडमच्या २०२५ च्या यादीत ५७ वी, भारत १५१ वा. अशा यादीचा नंबर फार मनाला लावून घेऊ नये, पण अमेरिका वर्षानुवर्षं खाली येतेय हे खरं.

पत्रकारांना मारलं जातं का तिकडे?

कमी, पण हो. १८३७ मध्ये इलिनॉयच्या ऑल्टन गावात गुलामगिरीविरोधी संपादक एलायजा लव्हजॉयला जमावाने छापखाना वाचवताना गोळी घातली. जून २०१८ मध्ये अ‍ॅनापोलिसच्या 'कॅपिटल गॅझेट'च्या ऑफिसात पाच जणांचा खून झाला, आणि २०२२ मध्ये लास व्हेगासचे बातमीदार जेफ जर्मन यांना ज्याच्याविरुद्ध त्यांनी लिहिलं त्याच स्थानिक अधिकाऱ्याने भोसकलं, तो दोषी ठरला.

आमची मुलगी तिकडे एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर शिकतेय. तिने कॉलेजच्या पेपरात लिहावं की नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि काळजी रास्त आहे. मार्च २०२५ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातली तुर्की पीएचडी विद्यार्थिनी रुमेसा ओझतुर्क हिला मास्क लावलेल्या एजंट्सनी रस्त्यावर धरलं आणि लुइझियानाला नेऊन ठेवलं. तिच्याविरुद्ध लोकांसमोर जे आलं ते म्हणजे इतर तिघांबरोबर कॉलेजच्या पेपरात लिहिलेला गाझाबद्दलचा एक लेख. सहा आठवड्यांनी न्यायाधीशाने तिला सोडलं. जॉर्जटाउनमध्ये संशोधन करणारे भारतीय बदर खान सुरी हेही त्याच काळात दोन महिने कैदेत होते. सप्टेंबर २०२५ मध्ये बोस्टनच्या न्यायाधीश विल्यम यंग यांनी निकाल दिला की परदेशी नागरिकांनाही बोलण्याचं तेच स्वातंत्र्य आहे आणि सरकारचं हे धोरण घटनाबाह्य आहे, पण अशा निकालांवर अपील होतं हे धरून चला.

२०२५ च्या जूनपासून स्टुडंट व्हिसासाठी सोशल मीडिया अकाउंट पब्लिक करायला सांगतात आणि ते तपासतात. म्हणून तिला लिहू नकोस असं मी सांगणार नाही, पण लिहायच्या आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसशी बोलून ठेवू दे, एखाद्या इमिग्रेशन वकिलाचा नंबर फोनमध्येही आणि कागदावरही असू दे आणि तिला तो पाठही असू दे, कारण फोन काढून घेतला तर पाठ असलेला नंबरच कामाला येतो, आणि घरी कुणाकडे तरी तिचा सेव्हिस नंबर (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचा), आय-२० ची (कॉलेजने व्हिसासाठी दिलेल्या कागदाची) आणि पासपोर्टची कॉपी असू दे. मध्ये सुट्टीत भारतात यायचं असेल तर परत जाताना एअरपोर्टवर फोन तपासू शकतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधीच वकिलाला विचारावं.